चार नंबरचा बॅटन

पहिली घंटा झाली होती आणि चार नंबरचा बॅटन जड लागत होता.

बॅटन म्हणजे रंगमंचावर वायर रोपने टांगलेला आडवा लोखंडी पाइप. पडदे, दिवे त्यालाच लावतात. आमच्या तालुक्याच्या नाट्यगृहात असे बारा आहेत. प्रत्येकाला मर्यादा दीडशे किलो. मी इथला टेक्निकल सुपरवायझर. नाटकं वर्षाला पाच-सहा होतात. बाकी लग्नं, सत्कार, शाळांची स्नेहसंमेलनं.

त्या दिवशी वडवणीकडची शाळा होती. लेझीमची अठ्ठेचाळीस मुलं विंगेत उभी. चार नंबरवरच्या पडद्याचं वजन साठ किलो, मग बॅटन वर-खाली करायचा हाताचा विंच एवढा जड का? मी शिडीने वर गेलो. झालरीच्या मागे, खालून दिसणार नाही अशी, फुलांच्या मंडपाची लोखंडी फ्रेम बांधलेली होती. वायर रोपच्या सहा पिळांपैकी दोन तुटलेले.

मंडपवाल्याला फोन लावला.

"मागच्या महिन्यातल्या लग्नापासनं वरच ठिवलीय साहेब. पुढच्या लग्नाला लागतीच की."

"वजन किती?"

"काय म्हाईत. चौघांनी उचललती."

मी रंगमंच बंद केला. मुख्याध्यापक तावातावाने आले.

"कावून थांबवलं हो? लेकरं घामानं भिजलीत. पाच मिनटं नाचून उतरतील."

"सर, त्यांना पार्किंगमध्ये नाचवा. इथे नाही."

"पाहुणे म्हणून आलेल्या आमदारसाहेबांना पार्किंगमदी बसवू का?"

"बसवा."

लेझीम बाहेर सुरू झालं. मी आणि माझा मदतनीस विंच धरून बॅटन हळूहळू उतरवू लागलो. आठ फूट उरले आणि रोप तुटला. फ्रेम मधोमध आदळली. दोन फळ्या फुटल्या.

आवाज ऐकून मुख्याध्यापक धावत आत आले. लेझीमच्या शिक्षकांनी दुपारी खडूने मुलांच्या जागा आखल्या होत्या. फ्रेमखाली गेलेल्या खुणा मी मोजल्या. अकरा. सर विंगेतल्या खोक्यावर बसले.

"पाणी हाय का?" एवढंच म्हणाले.

काट्यावर फ्रेम एकशे बहात्तर किलो भरली.

मग तपासणीचं रजिस्टर उघडलं. तीन आठवड्यांपूर्वीची नोंद: 'सर्व बॅटन ठीक.' खाली सही माझी. मी रंगमंचावर उभा राहून, मान वर करून ती तपासणी केली होती.

हे सगळं रिपोर्टमध्ये लिहिलं, सहीसकट. मेमो मिळाला, तो योग्यच होता. आता मी वर चढल्याशिवाय सही करत नाही आणि फ्रेम दाराबाहेर गेल्याशिवाय मंडपवाल्याला गेट पास देत नाही. मंडपवाले शिव्या घालतात. घालू देत.