रिकाम्या बाटल्या

देऊळघाटचे गजेंद्र सर बुलढाण्याच्या शाळेत विज्ञान शिकवत. रविवारी संध्याकाळी शेतातल्या झोपडीत मित्र अनंतबरोबर बिअर घ्यायचे, पण तीही विचार करून. दुरून ट्रकने येणारी नको, जवळच्या कारखान्यातली हवी, आणि काचेच्या बाटलीतलीच.

"डब्यातली बिअर काऊन आणतं बे?" ते अनंतला म्हणत. "बाटली धुऊन पुन्हा भरते कंपनी. तेवढाच कचरा कमी."

"अन रिकाम्या कोन नेते दुकानात?"

"मी नेतो ना."

पण नेत नव्हते. गाडीला अडकवलेल्या पिशवीत बाटल्या किणकिणायच्या, आणि गावच्या पारावर शाळेतल्या पोरांचे बाप बसलेले असायचे. एकदा त्या आवाजावर कुणी नुसती मान वळवली, तर सरांचे कान तापले. त्यानंतर ते बाटल्या बांधापलीकडच्या झुडपात फेकू लागले. कधीतरी नेऊ, असं मनाशी म्हणत.

श्रावणात नाल्याला पूर आला नि झुडपातलं बरंचसं फुटून खालच्या वावरात गेलं. ते वावर मनकर्णाबाईंचं. सोयाबीन निंदताना त्यांच्या तळपायात काच घुसली. ओरडणं ऐकून सर आपल्या शेतातून धावले, दुपट्ट्यानं पाय बांधला, गाडीवर बसवून दवाखान्यात नेलं. डॉक्टरांनी चिमट्यानं तपकिरी काच काढून ताटलीत टाकली. सरांनी ती ओळखली.

"कोन्या बेवड्यानं फेकली असीन," मनकर्णाबाई म्हणाल्या. "तुमी होते म्हनून बरं, सर. देव तुमचं भलं करो."

टाके पडेपर्यंत सरांनी म्हातारीचा हात धरून ठेवला, आणि तो धरायचीही लाज वाटत होती. गावभर मात्र सरांचं कौतुक झालं. जो तो पाठ थोपटे, आणि सरांना जेवण जाईना.

शेवटी ते मनकर्णाबाईंच्या ओसरीवर गेले. सून चहा ठेवायला उठली, तिला त्यांनी थांबवलं.

"मावशी, ते बाटली माहीच होती."

मनकर्णाबाईंनी पाय हळूच लुगड्याखाली ओढून घेतला.

"मंग मले दवाखान्यात नेलं, ते याच्यासाठीच का?"

आपण त्यांच्यासाठी धावलो की स्वतःसाठी, हे सरांनाच ठाऊक नव्हतं.

दुसऱ्या दिवशी भर उन्हात ते त्यांच्या वावरात वाकून काचा वेचत होते. येणारा-जाणारा विचारी, आणि सर खरं तेच सांगत. काही हसले, काही नजर चुकवून पुढे गेले. झुडपात सापडलेल्या धड बाटल्या धुऊन त्यांनी गोणीत भरल्या आणि पारासमोरूनच, आवाज करत, दुकानात नेऊन दिल्या. अनंत गाडीवर मागे बसून गोणी सावरत होता.

मनकर्णाबाईंचा पाय बरा झाला. दिसल्या की "कसं काय सर" म्हणतात. पण वावरात पाऊल टाकण्याआधी त्या जमिनीकडे बघतात, आणि त्या वेळी बांधावर उभे असले तर गजेंद्र सर तोंड फिरवतात.