गॅसची गोळी

बाबांना न्यूमोनिया झाला तेव्हा रायपूरच्या एका दवाखान्यात पाच दिवस सलाईनमधून अँटिबायोटिक चालू होतं. ताप उतरला, खोकला पळाला आणि सहाव्या दिवशी जुलाब सुरू झाले. दिवसाला दहा-बारा वेळा. रेल्वेत गार्ड म्हणून जन्म काढलेले बाबा दोन दिवसांत भिंत धरून चालू लागले, तेव्हा मी घाबरलो. घाबरलो की मी चिडतो, आणि चिडलो की मला कोणीतरी गुन्हेगार लागतो.

वहिनी बूढापाऱ्यातल्या घरून रोज सकाळी डबा आणत. "खिचडीत काय टाकून राहिल्या तुम्ही?" मी विचारलं.

"मूग, तांदूळ अन् मीठ. अजून काय टाकीन, भाऊजी?"

मी डबा बंद करवला. मग कँटीनची डाळ बंद केली. शेजारच्या खाटेवरच्या काकांनी प्रेमाने दिलेला पेरूही परत केला. सगळे माझं ऐकत होते, जुलाब तेवढे ऐकत नव्हते.

आठव्या दिवशी सकाळी डॉक्टरबाई आल्या, तेव्हा डब्याशिवाय आलेल्या वहिनीही खाटेजवळच होत्या. तपासणीत आतड्यात जंतुसंसर्ग निघाला होता. "दादाजी और कौन सी दवा लेते हैं?"

"कोई नहीं," मी ठासून म्हणालो.

"एसिडिटी की?"

"वो तो गैस की गोली है. दवा थोड़ी है."

आमच्या घरात चहाआधी ती गोळी घेतातच. तिला औषध म्हणणं म्हणजे चहाला औषध म्हणणं. डॉक्टरबाईंनी शांतपणे समजावलं. अँटिबायोटिकने आतड्यातले चांगले जंतूही मरतात. पोटातलं आम्ल वाईट जंतूंना अडवतं, ते या गोळीने कमी होतं. दोन्ही एकदम म्हणजे धोका वाढतो. आता या जंतूंवरचं वेगळं अँटिबायोटिक देऊ, गोळी आजपासून बंद. पण दवाखान्याने तर ती लिहून दिलीच नव्हती, मग देतं कोण, असं त्यांनी विचारलं.

"घर से लाया था," बाबा म्हणाले. आयुष्यात कधी खोटं न बोललेला माणूस माझ्यासाठी खोटं बोलला. कारण ऑफिसला नवा रायपूरला जाण्याआधी, नर्सची नजर चुकवून, ती गोळी मीच रोज त्यांच्या हातावर ठेवत होतो. वर स्वतःला श्रावणबाळ समजत होतो. वहिनींनी ते रोज पाहिलं होतं. मला मेल्याहून मेल्यासारखं झालं.

"मीच देतो," मी म्हणालो, मराठीत आणि अगदी हळू.

वहिनी पुढे झाल्या आणि सगळ्या वॉर्डाला ऐकू जाईल अशा हिंदीत डॉक्टरबाईंना म्हणाल्या, "ये देते हैं. रोज."