अण्णासाहेबांचं बहिणींवरचं भाषण

भाषणाचा मसुदा हातात आला की अण्णासाहेब आधी चष्मा पुसायचे, मग तांबडी पेन्सिल काढायचे. कुठल्या वाक्याला सभागृहात बाकं वाजतील याचा अंदाज घेत ते समासात फुल्या मारत जायचे. मजकुराशी त्यांना तेवढंच कर्तव्य होतं. एका पानावर निदान तीन फुल्या झाल्या नाहीत तर ते पान माझ्याकडे परत यायचं. "वकीलबाई, ह्यात कलमं लई झाली. जरा कळवळा घाला की," असं म्हणायचे, आणि हे इतक्या सहज म्हणायचे की मी आमटीत मीठ टाकायला विसरले असावे असं वाटायचं.

मी कोल्हापुरात दिवाणी वकिली करते. अण्णासाहेब तेव्हा खासदार होते. बालविवाहावरचा माझा एक लेख इथल्या वर्तमानपत्रात आला होता. तो त्यांना कुणीतरी वाचून दाखवला, आणि मला बंगल्यावर बोलावणं आलं. पांढराशुभ्र सदरा, कपाळावर भस्माचे तीन पट्टे, समोर न उघडलेलं वर्तमानपत्र. "कायदा तुमास्नी म्हाईत, सभागृह मला म्हाईत," ते म्हणाले. "दोघं मिळून समाज सुधारूया." मी हसले नाही. उलट मला ते पटलं. माझं पहिलं वाक्य टीव्हीवर त्यांच्या तोंडून ऐकलं त्या दिवशी मी घरी पेढे नेले होते. तेव्हा या माणसाबद्दल जे काही पुढे लिहिते आहे, त्यातला थोडा भाग माझ्याही अंगाला लागतो, हे आधीच सांगून टाकते.

आवाज मात्र देवानं दिला होता. भरदार, जरासा घोगरा, आणि योग्य जागी थरथरणारा. विधवांचे हक्क, सामाजिक बहिष्कार, पोटगी, बालविवाह, असा कुठलाही सामाजिक विषय निघाला की पक्षाचे लोक त्यांनाच उभं करायचे. एकदा तर समितीकडून परत आलेलं विधेयक पुन्हा समितीकडे पाठवा, अशी त्यांनी कळकळीची मागणी केली. पीठासीन अधिकाऱ्यांनी "ते तिकडूनच आलंय," असं सांगितल्यावर अण्णासाहेब तसूभरही न हलता म्हणाले, "मग पुन्हा पाठवा, महोदय. लेकींचा प्रश्न आहे." बाकं वाजली. दिल्लीहून परतल्यावर हा प्रसंग त्यांनी स्वतःच मला अभिमानानं सांगितला.

बालविवाहाच्या चर्चेसाठी मी त्यांना गगनबावड्याकडच्या एका मुलीची हकीकत दिली होती. नववीतून काढून लग्न लावलेली, पहिल्याच बाळंतपणात गेलेली. भाषणात अण्णासाहेबांनी तिला "माझी लेक" केलं, तिच्या घरी आपण गेलो होतो असं सांगितलं आणि रुमाल डोळ्यांना लावला. ते मंगळवारी. रविवारी ते आपल्याच एका कार्यकर्त्याच्या घरच्या लग्नात पुढच्या रांगेत बसले होते, आणि नवरीला सतरावं लागलं होतं. मी विचारलं तेव्हा त्यांना खरंच नवल वाटलं. "मी नुस्त्या अक्षता टाकल्या, बाई. अक्षता टाकताना दाखला बघत्यात व्हय?"

मी तेव्हाच बाहेर पडायला हवं होतं. पण मी स्वतःला समजावत राहिले. माणूस पोकळ असला म्हणून काय झालं, शब्द कामकाजाच्या नोंदीत राहतात; उद्या ते कुणाच्या तरी उपयोगी पडतील.

मग बहिणींच्या हक्कसोड पत्रांचा विषय आला. आमच्याकडे बाप गेला की वारसनोंदीत मुलींची नावं लागतात, आणि वर्षभरात भाऊ त्यांना दुय्यम निबंधकाच्या कार्यालयात नेऊन त्यांचा जमिनीतला हक्क सोडून घेतात. बहिणी साडी नेसून येतात, अंगठा किंवा सही करतात आणि पुढच्या भाऊबीजेला माहेरी येण्याची सोय राखतात. वकिलीत मी असे इतके दस्त पाहिले होते की त्यावर उपाय मला पाठ झाला होता. मी अण्णासाहेबांसाठी खासगी विधेयक तयार केलं. दस्त नोंदवण्याआधी बहिणीला भावाच्या नजरेआड बसवावं आणि एका त्रयस्थानं तिला विचारावं, बाई, तुला हे मनापासून करायचंय का?

भाषण अप्रतिम झालं. "ज्या हातानं बहीण ओवाळते, त्याच हाताचा अंगठा आपण कागदावर उमटवून घेतो, महोदय," या वाक्याशी ते थांबले तेव्हा विरोधकांनीही बाकं वाजवली. विधेयकाचं पुढे काहीच झालं नाही, खासगी विधेयकांचं बहुधा होत नाही. पण त्या भाषणाची चित्रफीत घरोघरी पोहोचली. महिला मंडळांनी त्यांचा सत्कार केला, फेटा बांधला. मी चौथ्या रांगेत बसून टाळ्या वाजवल्या.

सत्कारानंतर चारच दिवसांनी त्यांचा फोन आला. "एक दस्त करायचाय. गडमुडशिंगीची जमीन. अक्काची सही घ्यायची हाय."

मला आधी कळलंच नाही. "कसला दस्त?"

"हक्कसोड की ओ. आप्पा जाऊन वरीस झालं न्हवं का?"

आप्पा म्हणजे त्यांचे वडील, आणि अक्का म्हणजे त्यांची थोरली बहीण, गंगाक्का. शिरोळकडे दिलेली, नवरा वारलेला. मुलगी सासर सोडून दोन पोरांसकट तिच्याकडेच परत आलेली. मी म्हटलं, "अण्णासाहेब, परवाच तर आपण..." त्यांनी माझं बोलणं मधेच तोडलं. आवाजात राग नव्हता, समजूत घालण्याचा सूर होता. "ते देशासाठी हुतं, वकीलबाई. हे घरातलं हाय."

मी दस्त तयार केला. हे वाक्य लिहायला मला फार वर्षं लागली.

ठरल्या दिवशी मी कार्यालयात गेले. अण्णासाहेब दारात हात जोडून लोकांचे नमस्कार घेत होते. गंगाक्का आत बाकावर बसल्या होत्या. काठापदराचं लुगडं, मांडीवर पिशवी. मी अण्णासाहेबांना म्हटलं, मला अक्कांशी पाच मिनिटं एकट्यानं बोलायचंय. ते हसले. "बोला की. तुमचंच इधेयक हाय."

मी गंगाक्कांना बाजूच्या खोलीत नेलं आणि विचारलं, "अक्का, हे तुम्हाला मनापासून करायचंय का?"

त्यांनी एकदा दाराकडे बघितलं. मग म्हणाल्या, "न्हाय. मला माझा वाटा पायजे. पोरगी घरात हाय, तिची दोन लेकरं हायत. उद्या मी न्हाय, तर त्यांनी कुठं जायचं?" पुढे म्हणाल्या, "पर त्यो खासदार हाय. मी त्येला न्हाय कशी म्हणू?"

मी बाहेर आले आणि अण्णासाहेबांना सांगितलं की अक्कांची इच्छा नाही, हे काम मी करणार नाही. त्यांनी माझ्या हातातले कागद काढून घेतले, दस्ताच्या पहिल्या पानावर आपली तांबडी पेन्सिल फिरवली, माझं नाव खोडलं आणि आपल्या माणसाला म्हणाले, "दुसरा वकील बघ रं." मी जिना उतरून घरी आले. संध्याकाळपर्यंत दस्त नोंदला गेला होता.

त्यानंतर मी त्यांचं एकही भाषण लिहिलं नाही. त्यांचं काही अडलं नाही. जुनीच पानं ते विषय बदलून वाचत राहिले आणि बाकं वाजत राहिली.

गंगाक्कांनी दावा लावला, तो मुलगी मागं लागली म्हणून. दस्त दबावाखाली झाला, तो रद्द करा आणि वाटप करून द्या. काही वर्षांनी अण्णासाहेबांची उलटतपासणी निघाली. तोवर त्यांची खासदारकी गेली होती, सदरा मात्र तेवढाच पांढरा होता. त्या दिवशी माझं काम शेजारच्या कोर्टात होतं. ते उरकून मी मागच्या बाकावर जाऊन बसले.

गंगाक्कांच्या तरुण वकिलानं भाषणाची छापील प्रत पुढे केली. "बहिणीला एकांतात विचारल्याशिवाय दस्त होऊ नये, असं आपण सभागृहात म्हणालात. आपल्या बहिणीला तसं विचारलंत का?" अण्णासाहेबांचा वकील हरकत घ्यायला उठला. पण समोर माणसं बसलेली असताना गप्प राहणं अण्णासाहेबांना कधी जमलंच नव्हतं.

"ते भाषण माझं न्हवंच की ओ," ते म्हणाले. "ते वकीलबाईंनी लिहिलंय. आमी नुस्तं वाचतो. वाचलेलं सगळं खरं धरायला लागलं तर माणसानं जगायचं कसं?"

कोर्टात कुणीतरी फिसकन हसलं. इतक्या वर्षांत एकदाही माझं नाव न घेतलेल्या माणसानं अखेर मला श्रेय दिलं होतं, तेही शपथेवर. दुसऱ्या दिवशी ते उत्तर वर्तमानपत्रात आलं आणि ज्या महिला मंडळांनी फेटा बांधला होता त्यांनी त्यांना पत्र लिहून जाब विचारला. महिन्याभरात तडजोड झाली. अण्णासाहेबांना लाज वाटली, असं मी म्हणणार नाही. पुढच्या निवडणुकीची त्यांना अजून आशा होती, एवढंच मला माहीत आहे. गंगाक्कांना त्यांचा वाटा मिळाला.

मी पेढे घेऊन शिरोळला त्यांच्याकडे गेले. मुलीनं चहा केला. मी बोलत होते: अण्णासाहेबांचा खोटेपणा, ती साक्ष, आपलंच भाषण झटकून टाकणं. गंगाक्का ऐकत होत्या. मग कप खाली ठेवून म्हणाल्या, "त्यो तसलाच. ल्हानपणापास्नं. त्येचं मला काय वाटत न्हाय."

मग माझ्याकडे बघून, शांतपणे: "पर बाई, त्या दिवशी तुमी मला इचारलासा. मी तुमास्नी खरं सांगितलं. आनि मग तुमी घरी गेलासा."