भाजणीवर कोणाचं नाव

माझे सासरे पंचवटीत पौरोहित्य करतात. बाहेरगावचे यजमान विधीसाठी आले की दुपारी आमच्याकडेच जेवतात. लग्नानंतर वर्षभरात वीस-पंचवीस पानांचा स्वयंपाक माझ्या हातचा मळ झाला.

एकदा मुक्कामाला राहिलेल्या एका यजमानीण बाईंना मी केलेलं थालीपीठ फार आवडलं. "दोन किलो भाजणी करून द्या," त्या म्हणाल्या, "पण पैसे घेणार असाल तरच." मी घेतले. मग त्यांच्या बहिणीचा फोन आला, मग नणंदेचा.

सासऱ्यांच्या कानावर गेलं तेव्हा ते रागावले नाहीत. "आपल्याकडे अन्न वाढतात, विकत नाहीत," एवढंच बोलले. शेजारच्या काकूंनी मात्र सरळ विचारलं, "घरात काही कमी पडतंय का गं?" त्या दिवसापासून मी पुड्या पिशवीत तळाशी ठेवून वर मेथीची जुडी टाकायला लागले. विकण्याची लाज मला कधीच वाटली नाही. ती मेथी ठेवताना मात्र वाटायची.

मग गंगापूर रोडवरच्या एका दुकानदाराने माल मागितला, पण आधी नोंदणी करा म्हणाला. नोंदणीला घरमालकाचं संमतिपत्र हवं होतं आणि घर सासऱ्यांच्या नावावर. नवरा म्हणाला, "व्यवसाय माझा म्हणून लिही. बाबांना सही करायला सोपं जाईल." मलाही ते बरं वाटलं. आपलं नाव पुढे आलं नाही तर गल्लीतही कोणी बोलणार नाही.

सासरे दर्भाच्या जुड्या बांधत बसले होते. नवऱ्याच्या नावाने लिहिलेलं संमतिपत्र मी त्यांच्यापुढे ठेवलं. त्यांनी चष्मा लावून ते वाचलं.

"भाजणी कोण भाजतं?"

"मीच."

"तो कधी बसलाय कढईपुढे?"

"नाही बाबा, पण तुम्हाला..."

"मग खोट्यावर सही मागतेस माझी?"

मला वाटलं, संपलं. त्यांनी कोरा कागद मागितला आणि वळणदार अक्षरात स्वतः लिहिलं: माझी सून स्वतःच्या कष्टाने हा व्यवसाय करते, माझी त्यास हरकत नाही. सही केली. कागद हातात देताना म्हणाले, "मला हे पटलेलं नाही. पण जे आहे ते आहे."

आज मागच्या खोलीत माझ्याबरोबर दोघीजणी काम करतात. त्यातली एक त्या काकूंचीच सून. "कोणी विचारलं तर शिकायला जाते म्हण," असं तिला घरून सांगितलेलं असतं. मी तिला काही बोलत नाही. ते दिवस मीही काढलेत.

सासरे विक्रीच्या घाण्यातली भाजणी अजून खात नाहीत. घरासाठी मी वेगळी भाजते. आधी त्याने मन दुखायचं. आता वाटतं, त्यांनी आपलं मत सोडलं नाही आणि माझं श्रेय दुसऱ्या कोणाला जाऊ दिलं नाही. दोन्ही एकाच माणसाने केलं.

परवा दुकानदाराचा फोन त्यांनी उचलला. "मला त्यातलं कळत नाही, सुनेशी बोला," म्हणाले आणि मला हाक मारली.