वेणू अमृत द्यायला निघते

दुपारी जेवून आडवी होते. पंख्याची घरघर हळूहळू लांब जाते आणि पायाशी कुणीतरी बसल्याचं कळतं.

"ताई, सरक ना."

वेणू. माझी धाकटी बहीण. आलापल्लीला मलेरियाने गेली तेव्हा दुसरीत होती. तिच्या त्या तापापायी मी जन्मभर मलेरियाच्या जंतूंचाच अभ्यास केला.

"किती म्हातारी झालीस गं," ती म्हणते. "चल, खेळू."

आम्ही आलापल्लीच्या लाकडाच्या डेपोत आहोत. सागवानाच्या ओंडक्यांमधून चालता चालता ओंडके तांबूस होतात, मऊ होतात, उजेड त्यांच्या आतून येऊ लागतो. हे वेणूचं रक्त आहे. तिच्याच एका तांबड्या पेशीत आम्ही दोघी उभ्या आहोत आणि त्याचं मला काहीच वाटत नाही. थक्क होते ते समोर बघून. सूक्ष्मदर्शकाखाली ठिपक्याएवढे दिसणारे ते जंतू सीताफळाच्या गरासारखे दाटीवाटीने बसलेत. एकही हलत नाही. शेजारच्या पेशीत तसेच, पलीकडच्या पेशीत तसेच, नजर पोचेल तिथवर.

"यांना कुणी विष दिलंय?"

विषामृत आमचा लाडका खेळ. विष मिळालं की पुतळा व्हायचं. कुणी शिवून अमृत दिलं की सुटायचं.

"वाट बघताहेत," मी सांगते. "त्यांच्यात किनेज नावाचं प्रथिन असतं. ते दुसऱ्या प्रथिनांना शिवतं, फॉस्फेटचा एक कण लावतं. तेवढं झालं की सगळे एकदम पेशी फोडून बाहेर पडतात."

"एवढ्याशाने?"

"एवढ्याशाने." देवळात बोलावं तसा माझा आवाज खाली येतो.

"आणि मग?"

"मग तुला थंडी भरते."

तिचं लक्षच नाही. "पाय अवघडले असतील गं त्यांचे. मी देते अमृत." ती हात पुढे करते. बोटाच्या टोकावर एक कण लुकलुकतोय. मी तिचं मनगट धरते.

"सोड."

"नाही. सुटले नाहीत तर आतच मरतील. जरा दम धर."

"खेळातसुद्धा मास्तरीण." ती हिसडे देते, आधी हसत, मग चिडून. शेवटी कडकडून चावते. मी सोडत नाही. समोरचे जंतू एकेक करून काळवंडत जातात. माझ्या मुठीतलं तिचं मनगट गार लागतं, ताप नसलेल्या पोरीचं.

जाग येते. अंगठ्याच्या मुळाशी दातांची छोटी कमान उमटली आहे, अजून ओलसर. मधे एका दाताची जागा मोकळी. वेणूचा तो दात पडला होता. नवा यायचा राहून गेला.