आत आल्याची नोंद नाही

टेंभुर्णीच्या साखराबाईचं सारं आयुष्य मेंढरांमागं चालण्यात गेलं. कुणाच्या कापसात मेंढरू शिरलं तर तिनं शिव्या खाल्ल्या, उलट दोन दिल्याही. पण तिची वाट अडवायची छाती कुणाची झाली नाही.

नवरा बिरू वारला तेव्हा एकुलत्या एक लेकानं, राधाकिसननं, मेंढरं विकली आणि तिला दिल्लीला नेलं. तो तिथं कारखान्यात फिटर होता. साल दोन हजार सहा.

तिसऱ्या मजल्यावरची खोली. लेक आणि सून सत्यशीला सकाळीच कामाला जात. जाताना बाहेरून कुलूप लावत. "आई, इथं दिवसाढवळ्या घरात शिरतेत लोकं," राधाकिसन म्हणायचा. साखराबाई खिडकीचे गज धरून उभी राही. समोर दुसऱ्या घराची भिंत. रानात हाळी देणारा तिचा आवाज हळूहळू बसत चालला.

एका रविवारी लेकानं तिला मेट्रोनं देवीच्या देवळात नेलं. तिच्यासाठी वेगळं कार्ड काढलं. "हे नुसतं टेकव. दार आपोआप उघडतं." तिनं स्टेशनच्या दारावर टेकवलं. फळ्या बाजूला झाल्या. कितीतरी दिवसांनी साखराबाई हसली. मग हट्टच धरला अन् घराची किल्ली मिळवली.

पुढच्या मंगळवारी ती एकटीच देवळाला निघाली. गर्दीनं असं रेटलं, की पुढच्या बाईला चिकटूनच ती स्टेशनच्या दारातून आत गेली. कार्ड टेकवायचं राहून गेलं. उतरल्यावर बाहेरच्या दारावर टेकवलं, तर लाल दिवा. फळ्या हलेनात. शेजारच्या दारावरही तेच. मागची माणसं करवादून दुसरीकडं वळली. हातभर पलीकडं ऊन पडलेलं दिसत होतं.

शिपाई आला. तिकिटाच्या खिडकीवर तिचं कार्ड दाखवून परतला. "अम्मा, तुम तो अंदर आई ही नहीं. मशीन में एंट्री नहीं है."

"आई नहीं? तो ये कौन खडी है?" म्हणताना तिला रडूच फुटलं.

खिडकीवरच्या माणसानं कार्ड नीट करून दिलं, दार उघडलं. पण देवळात जायची तिला इच्छाच उरली नाही. शिपायानंच तिला परतीच्या गाडीत बसवून दिलं.

लेक कामावरून येताच ती म्हणाली, "राधाकिसन, मला गावाला सोड."

"तिथं कोण हाय तुझं?"

"जावेबिगर कोणी न्हाई. तरी सोड. जितेपणी कोंडून पडले मी इथं."

दिवाळीला सगळे टेंभुर्णीला आले. परतायच्या दिवशी बस लागली, सत्यशीला आत बसली, अन् साखराबाई स्टँडवरच्या बाकावरून उठेना. राधाकिसननं विनवलं, मग चिडला.

"मला काय हौस हाय का तिथं राह्यची? मी बी अडकूनच पडलोय ना, आई!"

तिनं त्याच्या तोंडावरून हात फिरवला. "जाय बाबा. जपून ऱ्हाय."

साखराबाई जावेच्या, आसराबाईच्या, घरी राहिली. लोकांची मेंढरं हिंडवायला लागली. लेकाचा फोन आला की पाऊसपाण्याचं बोलणं व्हायचं. 'कधी येतेस' असं त्यानं पुन्हा विचारलं नाही. अन् 'तूच ये' हे तिच्या ओठांवर यायचं, तिथंच थांबायचं.