लिंबोणीला आग्रह

माणसाला खाऊ घालून जेरीस आणण्यात माझ्या मामेसासऱ्यांचा हात धरणारा माणूस निलंगा तालुक्यात नव्हता, आणि उस्मानाबादेतून फुटून लातूरचा नवा जिल्हा झाला तेव्हा त्या अख्ख्या जिल्ह्यातही निघाला नाही. ताटावर आडवा हात धरावा, तर हातावरच पोळी पडे. मी नांदेडहून येणारा जावई. माझ्यावर त्यांचा विशेष राग असावा, इतकं ते वाढत. वर विचारत, "खावा की जावईबापू, पोट काय नांदेडात ठिवून आलाव का?" मी दात-ओठ खात बसे. दुसरं काही खायला पोटात जागाच नसे.

या जुलमातून जनावरंही सुटली नाहीत. बैलांनी गव्हाणीतून तोंड फिरवलं, की मामा पेंडीचा गोळा हातानं भरवत. घरचं कुत्रं त्यांना पाहून पळत असे. जमिनीला बिचारीला पळता येत नाही. गावात डीएपी खताची पोती आली आणि मामांना वाढायला नवा पदार्थ मिळाला. पेरणीआधी खत, पेरणीबरोबर खत, पीक वर आलं की उपाशी नको म्हणून पुन्हा खत. विहिरीजवळ मामींनी लावलेली लिंबोणी होती. मामी गेल्यावर तिचे लाड इतके वाढले, की येता-जाता तिच्या आळ्यात मूठ पडू लागली. तिची कोवळी पानं पिवळी झाली, शिरा तेवढ्या हिरव्या राहिल्या. मामांचं निदान ठरलेलं, "भुकेजलीय." मूठ दुप्पट झाली.

शेवटी मीच भांडून तिच्या बुडातली माती लातूरला तपासायला नेली. तिथले साहेब म्हणाले, या मातीत डीएपीतलं स्फुरद, म्हणजे फॉस्फरस, भलतंच जास्त झालंय. ते वाहून जात नाही, साठून बसतं, आणि झाडाला लोह, जस्त घेऊ देत नाही. काही वर्षं डीएपीचा दाणाही घालू नका. मी घरी येऊन हे सांगायला लागलो. मामांनी 'भलतंच जास्त' एवढं ऐकलं आणि गावात पेढे वाटले! "आपल्या रानाचा जिल्ह्यात पैला नंबर हाय!" उरलेलं ओरडून सांगितलं तेव्हा भडकले. "लेकराला उपाशी ठिवा म्हन्तो का त्यो सायब? त्याला म्हनावं, आदी तू ऱ्हा!" माझाही तोल सुटला. "मामा, तुम्ही तिला खाऊ घालून मारताय!" ते तडक उठून रानात गेले. रात्री जेवायला वाढलं मात्र दुप्पट.

मग दुष्काळ पडला, विहीर आटली. मामा लांबून घागरी वाहून लिंबोणीला पाणी घालत आणि वर मूठभर खत. मला अजून चीड येते. इतकी माया करणाऱ्या माणसानं एकदा तरी ऐकायला नको? लिंबोणी उभ्यानं वाळली.

त्याच वर्षीच्या येळवशीला, म्हणजे वेळा अमावास्येला, आम्ही रानात जेवायला बसलो. त्या दिवशी तिकडे घरी कुणी जेवत नाही, सगळे रानात जेवतात. दरवर्षी पंगत लिंबोणीखाली बसे. यंदा बांधावर बसली. मामांनी आधी चर भरावा तशी माझ्या ताटात डाळी-भाज्यांची पातळ भज्जी ओतली, आंबील दिली. मग बाजरीच्या पिठाचा आणखी एक उकडलेला उंडा उचलला आणि हात मध्येच थांबला. विहिरीजवळच्या वाळक्या लिंबोणीकडे पाहत त्यांनी तो हळूच टोपल्यात परत ठेवला.

"पोट भरलं का तुमचं?" त्यांनी विचारलं. इतक्या वर्षांत हे कधी विचारलं नव्हतं.

माझ्या गळ्यापर्यंत जेवण आलं होतं. मी ताट पुढे केलं आणि म्हणालो, "कुठलं भरतंय मामा, वाढा की."